नळीने भरवताना

गेल्या आठवड्यात संकेश्वरकडच्या एका गावाहून एका सुनेचं पत्र आलं. चार पानी, घाईघाईत लिहिलेलं. सासऱ्यांना लकवा झाला, दोन आठवडे दवाखान्यात होते, आता घरी आलेत ते नाकात नळी घेऊन. ती लिहिते, "सिस्टरनी दोनदा दाखवलं. दोन्ही वेळा समजलं असं वाटलं. घरी येऊन सिरिंज हातात धरली आणि काहीच आठवेना. सगळे म्हणतात, तू बारावी सायन्स झालीस, तूच कर. डिस्चार्जचा कागद इंग्रजीत आहे, सिस्टर बोलली कन्नडमध्ये आणि मला भीती वाटतेय मराठीत!"

शेवटचं वाक्य वाचून मला हसू आलं आणि लगेच पोटात कालवलंही. कारण त्या खोलीतून मी गेले आहे. या विषयावर लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते. का टाळत होते ते पुढे येईलच.

2022 च्या गौरी-गणपतीत आमच्या आत्तींना लकवा झाला. (आमच्या घरात सासूबाईंना आत्तीच म्हणतात.) उजवी बाजू गेली, वाचा गेली. आठ दिवसांनी डॉक्टरांनी चमचाभर पाणी देऊन गिळता येतंय का ते पाहिलं आणि मान हलवली. म्हणाले, तोंडाने काहीही नको, नळी राहू दे. तेव्हा मला तो निर्दयपणा वाटला. माणूस शुद्धीवर आहे, डोळ्यांनी मागतोय आणि घोटभर चहा द्यायचा नाही?

पण कारण समजून घ्या. घशात दोन वाटा शेजारी शेजारी असतात, एक अन्नाची, एक श्वासाची. आपण गिळतो तेव्हा श्वासाच्या वाटेवर आपोआप झाकण पडतं. लकव्यात हे झाकण वेळेवर पडत नाही. मग चहा पोटाऐवजी फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो. तुम्हा-आम्हाला निदान ठसका लागतो. लकव्याच्या पुष्कळ रुग्णांना तोही लागत नाही. वरून सगळं शांत आणि आत चहा फुप्फुसात! म्हणून "खोकला आला नाही, म्हणजे गिळलं" हा हिशेब चुकीचा.

या नळीला दवाखान्यात राइल्स ट्यूब म्हणतात. जॉन राइल नावाच्या इंग्रज डॉक्टरांच्या नावावरून ते पडलं. आमच्या थोरल्या काकांना मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की तिचा रेल्वेशी काहीतरी संबंध आहे. नाकातून घशात, घशातून अन्ननलिकेत आणि तिथून जठरात, अशी ही साधारण सव्वा हात आत जाते. बाकीची बाहेर राहते. तिच्यावर पन्नास, साठ, सत्तर सेंटिमीटरच्या खुणा असतात. या खुणांशी मैत्री करा, त्या पुढे कामाला येतात.

आता पत्रातला पहिला प्रश्न : "नळी निघाली तर मी घालू शकते का?" नाही. ज्यांना नीट शिकवून, समोर उभं राहून करवून घेतलं आहे, त्यांची गोष्ट वेगळी. तुम्ही-आम्ही दोनदा पाहिलं म्हणजे शिकलो असं नाही. नळी घालायचं काम सिस्टरचं किंवा डॉक्टरांचं. पण ती घालताना आपण जवळ असावं, आणि त्याला कारण आहे.

आमच्याकडे पंधरा दिवसांनी नळी बदलायला सिस्टर घरी आली. चांगली, अनुभवी मुलगी. तिनं आत्तींना टेकवून बसवलं. नळीनंच माप घेतलं : नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. तिथे खूण केली. टोकाला जेली लावली. नळी घशापाशी आली की रुग्णानं गिळायचं असतं, त्या गिळण्याबरोबर ती अन्ननलिकेत सरकते. पाण्याचा घोट द्यायची सोय नव्हती, तेव्हा नुसतं आवंढा गिळायचं. सिस्टर म्हणाली, "आजी, गिळा." आत्ती तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. "गिळा, आजी, गिळा!" ओकारी आली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, डाव्या हातानं नळी ओढू लागल्या.

आत्ती मूळच्या गोकाकच्या. पन्नास वर्षं आमच्या घरात मराठी बोलल्या, माझ्या मुलांचा मराठीचा अभ्यास घेतला. पण त्या क्षणी मला काय सुचलं कोण जाणे, मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आत्ती, नुंग्री. नुंग्री." आणि त्यांनी गिळलं! एकदा, दोनदा, तीनदा. नळी सरसर आत गेली.

नंतर डॉक्टर म्हणाले, असं होतं. दोन भाषांच्या माणसाला लकवा झाला की दोन्ही भाषा सारख्याच जातील किंवा सारख्याच परत येतील असं नसतं. कधी लहानपणची आधी येते, तर कधी रोजच्या वापरातली. आपल्या सीमाभागात घरोघर अशी माणसं आहेत. एक भाषा माहेरची, एक सासरची. तेव्हा रुग्णाला कोणत्या भाषेत कळतं ते दोन्हींत बोलून पाहा आणि सिस्टरला आधी सांगा. पाच-सहा शब्द पुरतात : गिळा, थांबा, हात सोडा, दुखतं का, झालं आता.

नळी घालून झाल्यावर ती जठरातच आहे ना, हे ठरवणं हा सगळ्यात मोठा भाग. पहिल्यांदा घातली की एक्स-रे काढून बघतात, तो सर्वांत खात्रीचा. घरी मात्र आपल्याकडे अजून एक जुनी रीत चालते. नळीतून सिरिंजनं हवा सोडायची, पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा आणि बुडबुड आवाज आला की "बरोबर आहे" म्हणायचं. दुसरी रीत म्हणजे नळीचं टोक पाण्याच्या वाटीत बुडवून बुडबुडे येतात का पाहायचं. दोन्हींवर विसंबू नका. नळी फुप्फुसात असली तरी हवेचा आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. यातून माणसं दगावली, म्हणून ब्रिटनमध्ये रुग्णांच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेनं 2005 मध्येच हवेची ही रीत बंद करायला सांगितली. आपल्याकडे ती चालूच आहे. करणाऱ्याला दोष देत नाही, त्यांना तसंच शिकवलेलं असतं.

मग घरी काय करायचं? प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, भरवण्याआधी नाकपुडीपाशी कोणता आकडा आहे ते बघायचं. नळी घातली त्या दिवशीचा आकडा कागदावर लिहून भिंतीला लावायचा आणि नळीवर त्या जागी पक्क्या शाईची रेघ मारून घ्यायची. मग तोंड उघडून घशात नळीचं वेटोळं तर पडलेलं नाही ना ते बॅटरीनं पाहायचं. आणि सिरिंजनं अगदी थोडा रस वर ओढून पीएच कागदावर एक थेंब टाकायचा. जठरात आंबट रस असतो, तेव्हा आकडा साडेपाच किंवा त्याखाली आला पाहिजे. हा कागद प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतो. आमच्या मेडिकलवाल्यानं आधी लिटमस दिला होता. तो चालत नाही, कारण तो आम्ल आहे एवढंच सांगतो, किती आहे ते सांगत नाही. नुकतंच भरवलेलं असेल तर तासभर थांबून तपासा. रस आलाच नाही तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ओढून बघा. अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर आकडा वर जाऊ शकतो, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आकडा जुळला नाही, रेघ हलली, मन साशंक झालं, तर द्यायचं नाही. फोन करायचा. एक वेळचं जेवण चुकल्यानं काही बिघडत नाही. (मधुमेहाचं इंजेक्शन चालू असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगा, कारण साखर उतरू शकते.)

हे मी इतकं घोळून का सांगतेय? कारण मी ते केलं नाही.

दिवाळीचा पाडवा. घरात पाहुणे, ओट्यावर चार पदार्थ. अकराच्या वेळेला आत्तींजवळ गेले तर चिकटपट्टी सुटलेली आणि रेघ नाकापासून चार बोटं बाहेर. बहुधा रात्री हात लागला असावा. सिस्टरला सणाच्या दिवशी कशाला त्रास द्यायचा, असं मनात आलं. चारच बोटं तर आहे! मी नळी आत सरकवली, रेघ नाकाशी जुळवली, नवी पट्टी लावली. रेघ जुळली म्हणजे झालं, असं वाटलं. आत टोक कुठे गेलं ते कळायला मार्ग नव्हता आणि मी कागदही लावला नाही. अर्धा पेला पेज गेली असेल, आत्तींचा चेहरा बदलला. खोकला आला, मग श्वास घरघरू लागला, ओठ काळसर दिसायला लागले. मी नळी चिमटली, त्यांना कुशीवर वळवलं, यांना हाक मारली. पाहुण्यांच्याच गाडीतून दवाखाना गाठला. पाच दिवस ऑक्सिजनवर होत्या. वाचल्या.

घरात मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा बाहेर आलेली नळी बोटभर असो की हातभर, आत ढकलायची नाही. तशीच पट्टीनं धरून ठेवायची, भरवणं बंद करायचं आणि सिस्टरला बोलवायचं, सण असो की मध्यरात्र. पूर्ण निघाली तर घाबरू नका, त्यानं तत्काळ काही होत नाही. आणि भरवताना खोकला, धाप, ओठ निळसर, आवाजात घरघर किंवा उलटी, यांपैकी काहीही दिसलं की हात थांबवा, कुशीवर वळवा, दवाखाना गाठा.

आता स्वयंपाकघरात येऊ. आपल्या बायकांचा सगळा जीव इथेच असतो. काय द्यायचं, किती द्यायचं हा तक्ता आहारतज्ज्ञांकडून लिहूनच आणा. साधारणपणे दिवसा दर दोन-तीन तासांनी एक ते सव्वा पेला, म्हणजे दोनशे ते अडीचशे मिलिलिटर देतात, पण मूत्रपिंडाचा, हृदयाचा त्रास असलेल्यांचं गणित निराळं. घरचं अन्न चालतं. भाताची पेज, डाळ, दूध, नाचणीची आंबील, शिजवून वाटलेल्या भाज्या, सगळं मिक्सरमधून काढून मलमलच्या फडक्यातून गाळून. माझी सुरुवातीची चूक अशी की नळीतून सहज जावं म्हणून मी पाणी वाढवत गेले. पेला भरलेला दिसायचा आणि आत निम्मं पाणीच! महिन्याभरात आत्तींच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. आहारतज्ज्ञ बाईंनी तेल, दुधाची पावडर, गूळ यांचं माप ठरवून दिलं तेव्हा वजन सावरलं. तयार पावडरीही मिळतात. परवडत असतील तर दिवसातून एक-दोन वेळा त्या द्यायला हरकत नाही, त्यात कमीपणा मानू नये. नाचणी गार झाली की घट्ट होते आणि नळीत बसते, म्हणून ती कोमट असतानाच द्या. बनवलेलं खोलीत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलं तर त्याच दिवशी संपवा.

भरवताना डोकं आणि पाठ उंच हवी. निम्मं बसल्यासारखं, पलंग तसा नसेल तर तक्के लावून. संपल्यावरही तासभर तसंच ठेवायचं. "दमल्या असतील, आडव्या करू" ही माया नको. सिरिंजचा दट्ट्या काढून टाका, नुसती नळकांडी नळीला जोडा, आधी तीसेक मिलिलिटर कोमट पाणी, मग पेज, शेवटी पुन्हा पाणी. सिरिंज रुग्णाच्या डोक्याच्या थोडी वर धरली की आपल्या वजनानं अन्न उतरतं. पंधरा-वीस मिनिटं लागू द्या. दट्ट्यानं ढकललं तर दोन मिनिटांत उरकतं खरं, पण मग पोट फुगतं, उलटी होते. या वीस मिनिटांत मी आत्तींशी बोलत असे. आज काय आहे ते सांगत असे : "आत्ती, आज मुगाची डाळ आहे, हिंग घातलाय." नाकातून जाणाऱ्या डाळीला हिंग कशाला, असं हे विचारत. वासाला! पाडव्याच्या दुखण्यातून उठून घरी आल्या तोवर कार्तिकी एकादशी आली. आत्तींनी आयुष्यात एकादशी मोडली नव्हती. आहारतज्ज्ञ बाईंना विचारून मी त्या दिवशी दुधात राजगिऱ्याचं पीठ शिजवून, गाळून दिलं आणि कानाशी सांगितलं, "इवत्त एकादशी, उपासाचंच आहे." त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

औषधांचं एक सांगते. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून पेजेत मिसळायच्या नाहीत. एकेक गोळी बारीक पूड करून पाण्यात विरघळवून द्यायची आणि मध्ये थोडं पाणी सोडायचं. ज्या गोळ्यांच्या नावापुढे एस. आर., एक्स. आर., सी. आर. अशी अक्षरं असतात त्या दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. कुटल्या की सगळा डोस एकदम अंगात जातो. पोटात न विरघळता पुढे आतड्यात विरघळणाऱ्या वेष्टनाच्या गोळ्याही कुटायच्या नसतात. डॉक्टरांकडून पातळ औषध किंवा दुसरी गोळी बदलून घ्या. फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर नळीच्या अन्नाबरोबर ते अंगी कमी लागतं, म्हणून मध्ये किती वेळ सोडायचा ते विचारा. नळी तुंबली तर कोमट पाणी हलक्या हातानं आत-बाहेर करायचं. जोर नाही, आणि तार तर मुळीच नाही.

तोंडाने काही जात नाही म्हणून तोंडाकडे दुर्लक्ष होतं, ते करू नका. उलट तोंड जास्त कोरडं आणि घाण होतं आणि तिथले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात जातात. दिवसातून दोनदा मऊ ब्रशनं किंवा ओल्या, पिळलेल्या कापडानं दात, जीभ, गाल पुसून घ्या, ओठांना तूप लावा. नाकाची पट्टी रोज बदला, कातडी पुसून कोरडी करा आणि नळी दर वेळी नाकपुडीच्या एकाच कडेला दाबून चिकटवू नका, तिथे जखम होते. हात बांधू नका. आत्तींच्या डाव्या हातात मी त्यांची जपमाळ दिली, तेव्हापासून तो हात नाकाकडे जाणं पुष्कळ कमी झालं.

सगळ्यात कठीण काय, तर येणारी-जाणारी माणसं. आपल्याकडे दारात पाऊल टाकतानाच विचारतात, "ऊटा आतेन्री?" जेवणाशिवाय माया दाखवायची दुसरी रीत आपल्याला माहीतच नाही. माझी नणंद धारवाडहून पेढे घेऊन आली, आईच्या जिभेवर कणभर ठेवायला निघाली. मी हात धरला. ती रडली, म्हणाली, "मरताना तरी गोड नको का तिच्या तोंडात?" मी म्हटलं, "मरू नये म्हणूनच नको." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. शेवटी यांनी पुठ्ठ्यावर लिहून खाटेच्या डोक्याशी टांगलं : "तोंडात काही घालू नये", आणि खाली कन्नडमध्ये बोलतो तसंच, "बायाग एनू हाकब्याड्री". सून सांगते म्हटलं की वाईट दिसतं, पुठ्ठ्याला कुणी नावं ठेवत नाही.

ही नळी किती दिवस? साधी पीव्हीसीची नळी हळूहळू कडक होते, आमच्या डॉक्टरांनी तिला दोन आठवड्यांची मुदत दिली होती. मऊ पॉलियुरेथेनची किंवा सिलिकॉनची नळी चार ते सहा आठवडे चालते. त्याहून जास्त काळ लागणार असेल तर पोटावर लहान छिद्र पाडून थेट जठरात नळी बसवायची सोय आहे. दुर्बिणीतून नळी बसवायची ही पद्धत अमेरिकेत गॉडरर आणि पॉन्स्की या डॉक्टरांनी 1980 मध्ये मांडली. नाव ऐकून भीती वाटते, पण नाक मोकळं होतं, नळी सहसा सरकत नाही. आत्तींचं गिळणं सुधारत होतं म्हणून डॉक्टरांनी थोडी वाट पाहिली.

एक नाजूक गोष्टही लिहिते. लकव्यात पुष्कळांचं गिळणं परत येतं, तिथे नळी हा पूल असतो. पण विस्मरणाचा आजार अगदी शेवटच्या टप्प्याला पोचलेला असेल तर नळीनं आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही. अमेरिकेतल्या वृद्धारोग्य तज्ज्ञांची संघटना अशा वेळी नळीऐवजी, माणसाला झेपेल तेवढंच, हातानं सावकाश भरवा असं सांगते. "नळी नको" म्हणणारा मुलगा दुष्ट आणि "घाला" म्हणणारा प्रेमळ, अशी भांडणं मी दोन घरांत पाहिली आहेत. डॉक्टरांना आधी एवढंच विचारा : यांचं गिळणं परत येण्याची आशा आहे का?

आत्तींचं परत आलं. मार्गशीर्षात गिळण्याची तपासणी पुन्हा झाली, आणि आधी घट्टसर आंबील चमचा-चमचा, हनुवटी खाली धरून. पातळ पाणी सर्वांत शेवटी, कारण तेच ठसक्याला सोपं. नळी काढली त्या दुपारी मी खाटेजवळ बसले होते. त्यांचे शब्द अजून अडखळत होते. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "निंद... ऊटा आतेनु?" दुपारचे तीन वाजले होते. माझं जेवण झालं नव्हतं.

आता पत्रातला शेवटचा प्रश्न, जो समासात बारीक अक्षरात लिहिलाय : "माझी आई आजारी आहे. दोन दिवस माहेरी जाऊन येऊ का? की असं विचारणंच चूक?" जा. पण जाण्याआधी घरातल्या दुसऱ्या एका माणसाला तयार करा आणि तो माणूस तुमचे यजमानच असू द्या. त्यांचे वडील आहेत. आठवडाभर तुमच्यासमोर त्यांच्या हातून करून घ्या, सिस्टर येईल तेव्हा तिच्यासमोरही एकदा. आमच्या यांना पाडव्यानंतर शिकवलं. पहिल्या दिवशी सिरिंज धरलेला त्यांचा हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. आकडा त्यांना वाचायला सांगा, कागद त्यांना लावू द्या, आणि आधी नुसतं पाणीच सोडायला द्या.